यांचा पखवाजवाला कुठं बसलाय?

श्रावणातल्या एका रविवारी, दुपारचं खतखतं जेवून झाल्यावर, भावाचा ११ वर्षांचा मुलगा आणि मी पेडण्याच्या घरात सोप्यावर बसून सिनेमा बघत होतो. बोटांना अजून तिरफळांचा वास होता. पाऊस असा लागला होता की कौलांवरचा आवाज आणि टीव्हीतला आवाज एकमेकांत मिसळून गेले होते. सिनेमा मीच निवडला होता, २००८ सालचा ‘द फॉरबिडन किंग्डम’. जॅकी चॅन आणि जेट ली त्यात पहिल्यांदा एकत्र आले, आणि मारामाऱ्या बसवल्या युएन वू-पिंग यांनी. पडक्या देवळातली त्या दोघांची झुंज सुरू झाली तसा पोरगा गुडघ्यांवर उठून बसला. मीही खुर्चीच्या कडेला आले. एकजण झोकांड्या खात, पडता पडता मारणारा. दुसरा पाठीचा कणा ताठ ठेवून, हात जिथं पोचायला हवा तिथं अगदी वेळेवर नेऊन ठेवणारा. बराच वेळ चालली ती झुंज, आणि संपल्यावर उलगडलं की दोघांनाही एकच काम पार पाडायचं होतं. वानरराजाची काठी त्याला परत पोचवायची. हे कळलं आणि लाईट गेली.

काळोखात पोरगा म्हणाला, “आत्ये, म्हणजे दोघांना एकच गोष्ट करायची होती? मग आधी एकदा विचारलं असतं तर?”

“मग आपल्याला मारामारी कशी बघायला मिळाली असती?” मी म्हटलं.

तो गप्प बसला.

पुढे कितीतरी दिवस ते माझंच वाक्य मला टोचत राहिलं. पणजीला जाताना बसच्या खिडकीशी बसले की आठवायचं, भांडी लावताना आठवायचं. मुलानं अगदी मुळातला प्रश्न विचारला होता आणि मी त्याला असं उत्तर दिलं होतं, जे उत्तर तो सिनेमा लिहिताना कुणीतरी स्वतःला दिलं असणार. लढाई हवी आहे ना, मग कारणाचं बघू नंतर. मला याची बोचणी लागायचं कारण असं की मी ज्या घरात वाढले तिथं लढाईचं कारण ही फार गांभीर्यानं घ्यायची गोष्ट होती. माझे धाकटे काका दशावतारी मंडळीत राक्षसपार्ट करायचे. दिवाळीनंतर जे घराबाहेर पडायचे ते पावसाच्या तोंडावर परत यायचे. पावसाळ्यात शेती, उरलेलं वर्ष रात्रीच्या रात्री तरवार.

काका आणि मारामारीचा सिनेमा यांची माझ्या डोक्यात गाठ पडली ती १९८८-८९ च्या सुमारास. वाड्यावर एका घरी रंगीत टीव्ही आला होता आणि सुट्टीत कुणीतरी म्हापशाहून व्हिडिओ आणि कॅसेट भाड्यानं आणायचे. आम्ही पोरं जमिनीवर, मोठी माणसं मागं बाकांवर, आणि खिडकीच्या गजांना धरून बाहेर उभी असलेली आणखी दहा-बारा. त्या दिवशीच्या कॅसेटमध्ये पांढऱ्या केसांचा एक दारुडा म्हातारा एका द्वाड पोराला लढाई शिकवत होता. पोराला उलटं टांगलेलं. खाली पाण्याची बादली, वर पायांपाशी दुसरी बादली. हातात दोन एवढ्याशा वाट्या. खालचं पाणी वाटीवाटीनं वर नेऊन ओतायचं, दर वेळी पोटातून उठून. आम्ही हसत होतो. काका मात्र पुढे वाकून, दोन्ही कोपरं गुडघ्यांवर टेकून बघत होते. पुष्कळ वर्षांनी मला कळलं की तो १९७८ सालचा ‘ड्रंकन मास्टर’ होता, दिग्दर्शक हेच युएन वू-पिंग, तो पोरगा म्हणजे तरुण जॅकी चॅन, आणि दारुडा गुरू झालेला म्हातारा म्हणजे युएन वू-पिंग यांचे सख्खे वडील. ३० वर्षांनी त्याच युएन वू-पिंग यांनी झुंज बसवताना त्याच पोराला दारुडा गुरू म्हणून जेट लीसमोर उभं केलं. हे माहीत झाल्यापासून त्या देवळातल्या झोकांड्या मला निव्वळ गंमत म्हणून बघताच येत नाहीत. त्यात एका मुलानं बापाची चाल दुसऱ्याच्या अंगात जपून ठेवली आहे असं वाटतं.

त्या संध्याकाळी घरी येताना बांधावरून काका पुढे आणि मी मागे. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग एकदम थांबून मला विचारलं, “ह्यांचो पखवाजवालो खंय बसला गो?”

मला वाटलं, काकांना सिनेमा कळला नाही. सिनेमात कुठला पखवाज? पण ते स्वतःशीच मान हलवत राहिले. म्हणाले, हे पाय कुणाच्या तरी हातावर पडतायत. माणूस दिसत नाही, पण तो आहे.

काका बरोबर होते. जॅकी चॅन लहानपणी हाँगकाँगमध्ये पेकिंग ऑपेराच्या शाळेत वाढला. तिथं मुलं वर्षानुवर्षं राहायची, पहाटे उठून कोलांट्या, तरवारी, गाणं, तोंडाला रंग. त्या रंगभूमीवर लढाई चालते ती ढोल आणि झांजांच्या बोटाला धरून. ढोलवाला हा सगळ्या वाद्यांचा म्होरक्या असतो, आणि नट पाऊल टाकतो ते त्याच्या टिपरीवर. रंगमंचावर सामान म्हणाल तर एक मेज आणि दोन खुर्च्या. त्याच मेजाचा डोंगर होतो, त्याच खुर्चीचा तुरुंग होतो. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला आमच्या देवळातलं बाकडं आठवलं. दहीकाल्याच्या, म्हणजे दशावताराच्या, रात्री सभामंडपात ठेवलेलं एकच लाकडी बाकडं. इंद्राचं सिंहासन तेच, राजकन्येचा पलंग तोच, आणि राक्षस त्यावर पाय ठेवून उभा राहिला की पाताळही तेच. काका कधी गोवा-सिंधुदुर्गाच्या पलीकडे गेले नाहीत. पण कुठल्या तरी दूरच्या देशातल्या नटाच्या पावलांखाली आपल्यासारखंच बाकडं आणि आपल्यासारखाच पखवाज आहे, हे त्यांच्या पायांना एका व्हिडिओ कॅसेटवरून कळलं होतं.

आमच्याकडच्या दहीकाल्याबद्दल इथल्या माणसाला मी काय सांगणार? तरी रंगपटाबद्दल लिहायचा मोह आवरत नाही, कारण लहान मुलगी म्हणून मला तिथं जायची मुभा होती. देवळाच्या अग्रशाळेतला एक कोपरा, पेटारे उघडलेले, जमिनीवर चटया. काका मांडी घालून बसायचे, डाव्या हातात फुटका आरसा. झिंकची पांढरी पूड खोबरेल तेलात कालवलेली, काजळ, लाल रंग, आणि या सगळ्याला मिळून येणारा एक उबट, किंचित खवट वास. भुवया चढायला लागल्या की काका कमी बोलायचे. बाहेर खाज्याच्या दुकानांवर जनरेटरचे दिवे, भज्यांचं तेल, आवाठातल्या बायका पोरांना गोधडीत गुंडाळून पुढची जागा धरायला आलेल्या. आणि आत मंडळीचा प्रमुख नटांना आजचं आख्यान सांगतोय. सांगतोय म्हणजे किती? पाच मिनिटं. कोण कुणाचा कोण, कोण कधी येणार, शेवट काय. लिहिलेलं काही नाही. वहीचं पान नाही. त्यानंतरचे चार-पाच तास जे बोललं जाणार ते सगळं ज्याचं त्यानं, उभ्या उभ्या, समोरच्याच्या तोंडून काय येतं ते ऐकून. म्हणूनच त्या सिनेमाच्या लेखनाचा मला जास्त राग येतो. त्यांच्याकडे कागद होता, वेळ होता.

काकांचा बाणासुर मी कितीदा बघितला असेन याचा हिशेब नाही. गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. हजार हातांचा बाणासुर, शंकराचा लाडका. महादेव तांडव करायचे तेव्हा हा हजार हातांनी वाद्यं वाजवून साथ करायचा. मग हातांना खाज सुटली. लढायला तोलामोलाचा कुणी मिळेना, म्हणून देवाकडेच त्यानं लढाई मागितली. ती आली पण घरातूनच आली, उषेच्या रूपानं. लेकीनं चोरून कृष्णाच्या नातवाला महालात आणलं आणि त्यापायी कृष्ण दारात उभा राहिला. म्हणजे लढाई सुरू व्हायच्या आधी मंडपातल्या शेवटच्या रांगेतल्या म्हातारीलाही तीन गोष्टी पक्क्या माहीत असायच्या. यानं हे मागून घेतलंय. याचं लेकीवर जिवापाड प्रेम आहे. आणि याचे हात जाणार आहेत.

हजार हात दोन हातांच्या माणसानं दाखवायचे कसे? काकांनी त्यावर काढलेला तोडगा मी दुसऱ्या कुणाकडे पाहिला नाही. कृष्णाशी तोंडातोंडी व्हायची ती अर्धा तास चालायची, कोण, कुठला, कुणाच्या जिवावर आलास, सगळं. मग पखवाज चढायचा, दोघं गिरक्या घेत बाकड्याभोवती फिरायचे, तरवारी भिडायच्या. आणि कृष्णाचा वार बसला की काका एक पाऊल मागे सरून, तोडला गेला तो हात कुठला ते सांगायचे. हा गेला तो शेतात नांगर धरणारा. हा गेला तो बळीराजाच्या, माझ्या बापाच्या, पायांना हात लावणारा. हा गेला तो उषेच्या पाळण्याची दोरी ओढणारा. हे शेवटचं ते सांगायचे तेव्हा बायकांच्या बाजूनं एक आवाज यायचा, हुंदका नव्हे, सगळ्यांनी एकदम श्वास आत घेतल्यासारखा. पुढचा वार येतोय हे दिसत असायचं आणि आता कुठला हात जाणार, या भीतीनं मी आईचा पदर तोंडात धरायचे. आणि सगळ्यांत शेवटी, “हो महादेवा, तुझ्या तांडवाला मृदंग वाजवणारो हात!” एवढंच. मग मंडपात फक्त पखवाज.

नाचायला ते इतरांपेक्षा फार भारी होते असं नाही.

म्हणून मी त्या सिनेमाकडे परत परत जाते आणि दर वेळी दोन मनांनी परत येते. त्यातली कला कमी नाही. छायाचित्रणकार पीटर पाऊ, ज्यांना ‘क्राउचिंग टायगर, हिडन ड्रॅगन’साठी ऑस्कर मिळालं तेच. डोंगर, धुकं, वाळवंट, सगळं डोळ्यांत भरतं. आणि ते दोघे! एक पन्नाशी ओलांडलेला, दुसरा पंचेचाळिशीच्या घरातला. जेट ली ११ वर्षांचा असताना चीनचा वुशू विजेता होता, माझ्या भाच्याच्या वयाचा. हाडं मोडून घेतलेली, गुडघे झिजलेली माणसं आहेत ती. देवळात जेव्हा ते एकमेकांसमोर उभे राहतात तेव्हा जगभरचे लोक कित्येक वर्षं ज्याची वाट बघत होते ती घटका आलेली असते. आणि पटकथेनं त्या घटकेला काय दिलं? एक गैरसमज. एक अनोळखी भिक्षू घोड्यावरून येतो, काठी पळवतो, दुसरा मागे लागतो. दोघांपैकी कुणाचंही काही पणाला लागलेलं नाही. कोण हरला तर काय जाईल, हे आपल्याला माहीत नाही, आणि पुढे कळतं ते एवढंच, की काहीच जाणार नव्हतं.

गैरसमजाला माझा विरोध नाही. पेकिंग ऑपेरात एक अतिशय गाजलेला प्रवेश आहे, ‘सानचाकोउ’ म्हणजे तिठा. मी तो ध्वनिचित्रफितीवर पाहिला. एका सरायीत रात्री मिट्ट काळोखात दोन माणसं एकमेकांशी लढतात. काळोख गोष्टीतला. रंगमंचावर लख्ख उजेड. दोघे हवेत चाचपडत, एकमेकांच्या नाकासमोरून तरवार फिरवत, एकाच मेजाखालून आणि मेजावरून सरपटत लढतात आणि आपण श्वास धरून बघतो. त्या दोघांनाही एकाच माणसाचा जीव वाचवायचा असतो! अगदी या सिनेमासारखंच. पण तिथं आपल्याला ते आधी ठाऊक असतं. तो उजेड फक्त आपल्यासाठी असतो. तरवार कानाजवळून गेली की आपण मनात ओरडतो, अरे थांबा, तुम्ही एकाच बाजूचे आहात. सिनेमात मात्र झुंज संपेपर्यंत आपणही त्यांच्याइतकेच काळोखात, आणि दिवा लागतो तेव्हा लढाई होऊन गेलेली असते. माझ्या भाच्याला नेमकं हेच खटकलं होतं.

सिनेमाच्या गोष्टीच्या मुळाशी जो भिक्षू आहे तो आपल्या शाळेच्या पुस्तकातला ह्युएनत्संग. सातव्या शतकात चीनहून चालत निघाला, ग्रंथ घेऊन परत गेला. त्याच्या प्रवासाच्या दंतकथा वाढत वाढत सोळाव्या शतकात १०० प्रकरणांची कादंबरी झाली आणि त्या कादंबरीत त्याच्यासोबत काठीवाला वानरराजा आहे. सिनेमातला वानरराजा तोच. हा ह्युएनत्संग पुलकेशीच्या काळात आपल्या मुलखातही येऊन गेला. महाराष्ट्रातल्या माणसांबद्दल त्यानं जे लिहून ठेवलंय ते मी कॉलेजात असताना वाचलं होतं आणि या सिनेमाच्या निमित्तानं पुन्हा काढून वाचलं. उपकाराची जाण ठेवणारे लोक, तो म्हणतो, आणि अपमान झाला तर जिवावर उदार होणारे. यांचे वीर लढाईआधी दारू पिऊन झिंगतात आणि मग एकटा भालाईत हजारोंना आव्हान देतो, हेही त्यात आहे. दारुडा योद्धा काही फक्त चीनचा नव्हे तर! पण मी थबकले ते एका दुसऱ्याच वाक्याशी. हे लोक सूड घ्यायला निघाले की आधी शत्रूला तसं कळवतात, आणि मग दोघंही हत्यारबंद झाल्यावर एकमेकांवर चालून जातात.

आधी कळवतात. काकांची ती अर्ध्या तासाची तोंडातोंडी मला तिथं दिसली. “ऐक रे द्वारकेच्या गवळ्या,” असं म्हणून ते बाकड्यावर पाय ठेवायचे, तेव्हा ते कृष्णाला कळवत होतेच, पण त्याहून जास्त आम्हाला कळवत होते.

एक रात्र मात्र या सगळ्या मांडणीत बसत नाही, आणि ती सोडून लिहिणं खोटेपणा होईल. कोरगावच्या बाजूला कुठं तरी काला होता, थंडीचे दिवस, ओळीनं पाच-सहा रात्री प्रयोग झालेले. काकांचा घसा पार बसला. आल्याचा रस झाला, मिरी-खडीसाखर झाली, आवाज फुटेना. आख्यान बाणासुराचंच लागलेलं. प्रमुखानं निभावून न्यायचं ठरवलं. तोंडातोंडी कापली, कृष्णानं दोघांच्या वाटचं बोलून घेतलं आणि थेट लढाई. मी नऊ-दहा वर्षांची असेन. मला आठवतंय, मी घाबरले होते की आता लोकांना काही कळणारच नाही. काका आले, डोळे तांबारलेले, घामानं रंग ओघळलेला, आणि लढायला लागले. अशी लढाई त्यांनी त्याआधी केली नव्हती आणि त्यानंतरही नाही. बाकड्यावरून उलटी उडी घेतली. तरवारीच्या पातीवर पेट्रोमॅक्स चमकत होता. मागच्या पोरांनी शिट्ट्या मारल्या. एकेक वार बसत होता, काका मागे सरत होते आणि तोंड उघडून पुन्हा मिटत होते. मग शेवटचा वार बसला. आणि पखवाजवाल्यानं आपला डावा हात वाद्यावरून उचलून मांडीवर ठेवला. उरलेला ठेका त्यानं एकट्या उजव्या हातानं वाजवला. धूम गेली, नुसतं ते कोरडं, अर्धवट टण टण. काही क्षण लोकांना कळलं नाही. मग समोरच्या म्हाताऱ्यानं, जो दर वर्षी समोरच बसायचा, टोपी काढून मांडीवर ठेवली.

पहाटे हंडी फुटली. दह्यानं माखलेले हात धुऊन काका रंगपटात आले तेव्हा सगळे त्यांची पाठ थोपटत होते. त्यांनी कुणाकडे बघितलं नाही. तेलाचा बोळा तोंडावरून फिरवत एवढंच म्हणाले, “आयज हांव नुस्तो नाचलों.”

मला तेव्हाही ते पटलं नव्हतं, आजही पटत नाही. ती रात्र मला त्यांच्या सगळ्या रात्रींपेक्षा जास्त आवडते. कधी वाटतं, ज्यांनी आधीच्या वर्षी शब्द ऐकले होते त्यांच्यासाठीच ती लढाई तशी होती, आणि पहिल्यांदाच आलेल्या पोरांनी शिट्ट्या मारल्या कारण त्यांना फक्त उडी दिसली. कधी वाटतं, त्या शिट्ट्याही खऱ्याच होत्या. आणि पखवाजवाला? काय तोडलं जातंय हे त्याला माहीत होतं, म्हणून त्याचा हात उचलला गेला. त्या सिनेमातल्या देवळात सगळं आहे, फक्त हात उचलणारा कुणी नाही, असं मला वाटत राहतं. तसं वाटूनही पुढच्या वेळी झुंज लागली की अंगावर काटा येतोच.

काका जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्यांची तरवार माळ्यावर आहे, म्यान नाही, पात्याला गंज. भाच्याला ती हवी असते आणि वहिनी देत नाही.

चतुर्थीची सुट्टी संपत आली तेव्हा तो स्वतःच म्हणाला, तो सिनेमा लाव, त्या दिवशी अर्धा राहिला. पाऊस ओसरला होता. माटोळीची सुकत चाललेली फळं, पानं अजून वर लटकत होती आणि सोप्यावर पिकल्या चिबडाचा वास होता. या वेळी मी सुरुवातीपासून लावला. त्यात गोल्डन स्पॅरो नावाची एक मुलगी आहे. खलनायकानं तिच्या आईबापांना मारलं तेव्हा ती तान्ही होती, सूड हेच तिचं आयुष्य. ती स्वतःबद्दल कधी ‘मी’ म्हणत नाही. ‘तिला’ सूड घ्यायचाय, ‘ती’ तयार आहे, असं बोलते. या सिनेमाच्या लेखनात मला खरोखर आवडलेली ही एकच गोष्ट, आणि तिच्याकडे कुणी वळून बघत नाही. कुणी पात्र तिला विचारत नाही की बाई, तू अशी का बोलतेस. धावपळीत ते कानावरून निघून जातं. मग शेवटी खलनायकाच्या हातून ती मरते, ज्या मुलाच्या मांडीवर डोकं असतं त्याचे आभार मानते, आणि त्या वेळी पहिल्यांदा ‘मी’ म्हणते. मी एकटीनं पहिल्यांदा पाहिला तेव्हा ते माझ्या लक्षातही आलं नव्हतं. दुसऱ्या खेपेला आलं, आणि गळ्याशी आवंढा आला.

भाच्याला मी तिच्या पहिल्याच प्रसंगात सांगून टाकलं. बघ, ती ‘मी’ म्हणत नाही. शेवटी म्हणेल. एकदाच.

“मरताना?”

“हो.”

तो काही बोलला नाही, पण त्यानंतर तिनं तोंड उघडलं की आवाज वाढवायचा. बोटांवर काहीतरी मोजत होता. देवळातली झुंज आली आणि गेली. या खेपेला तो गुडघ्यांवर उठला नाही, मांडी घालूनच बसला, पण डोळे मोठे झालेले. वाटेत एकदा त्यानं सिनेमा थांबवून मागे नेला, तिचं एक वाक्य परत ऐकलं आणि म्हणाला, “इथं ती म्हणणार होती. म्हटलं नाही.” मला तसं कधी वाटलं नव्हतं. मी तो प्रसंग नीट बघितला. खरंच, ती बोलायच्या आधी किंचित थांबते.

शेवटची लढाई सुरू झाली. वहिनीनं आतून चहाला हाक मारली, आम्ही दोघंही उठलो नाही. तरवारी, ज्वाळा, कुणी उडतंय, कुणी कोसळतंय. स्पॅरो पुढे झाली. अजून तिला काही झालेलं नव्हतं.

“आत्ये, आता,” तो म्हणाला आणि माझं मनगट घट्ट धरलं.